दिवसातून दोनदाच बोलणारं यंत्र

वाहनचोरीचे गुन्हे मी नोकरीत इतके पाहिले, की त्यातले बहुतेक आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका पांढऱ्या गाडीचा तपास मात्र सोमवार ते गुरुवार असा, तासातासाने, अजून डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यात मी एक मोठी चूक केली होती, आणि ती सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होणार नाही.

तेव्हा मी चंद्रपूर शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिना होता. आमच्याकडचा मे ज्यांनी अनुभवला आहे त्यांना जास्त सांगायला नको. सकाळी दहानंतर रस्त्यावरचा प्रत्येक माणूस तोंडाला दुपट्टा बांधून फिरतो, आणि चोराला वेगळा मुखवटा लागत नाही.

सोमवारी बारा वाजता एक बाई ठाण्यात आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, पोंभुर्णा तालुक्यातल्या एका खेड्यातल्या बौद्ध कुटुंबातल्या. पायात बूट, हातात गाडीचे कागद असलेली प्लास्टिकची पिशवी. रडत नव्हत्या, आवाजही चढलेला नव्हता. म्हणाल्या, "साहेब, दवाखान्याच्या आवारातून माझी गाडी गेली. पाच पेशंट आतमंदी डायलिसिसवर पडून आहेत. त्यायले घरी कसं नेऊ ते नंतर पाहू. पण गुरुवारच्या आधी गाडी भेटली पायजे."

गुरुवार कशाला, ते मी विचारलं. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा मोठा भाऊ डायलिसिसवर होता. दोन बस बदलून त्याला आठवड्यातून दोनदा चंद्रपूरला आणता आणता त्यांनी दीड वर्ष काढलं होतं. भाऊ गेला, पण त्या बसमध्ये ओळख झालेले बाकीचे रुग्ण होतेच. मग बाईंनी गाडी चालवायला शिकून परवाना काढला, एक जुनी सात आसनी गाडी घेतली, आणि जंगलाच्या कडेच्या गावांतून पाच जणांना उचलून दर सोमवारी आणि गुरुवारी दवाखान्यात आणू लागल्या. त्यातल्या दोघांच्या गावात बस जातच नव्हती. एक पाळी चुकली तर अंगावर सूज येते, दम लागतो. दोन चुकल्या तर जिवावर बेततं.

"अलार्म होता गाडीला?" मी विचारलं.

"होता ना. मागच्या आठवड्यात मीच बंद केला. दर पाच मिनिटाले बोंबले. गार्ड भांडे, सिस्टर भांडे. म्हणे पेशंटले त्रास होऊन राह्यला."

"आणि ट्रॅकर?"

त्यांनी फोन काढून पुढे धरला. नकाशावर एक निळा ठिपका वरोऱ्याच्या दिशेने सरकत होता.

माझ्या अंगात एकदम उत्साह संचारला. चोरी झाल्याला तास झाला नव्हता आणि चोर नकाशावर दिसत होता. फिर्याद नोंदवून घ्या असं मी ठाणे अंमलदाराला सांगितलं, बाईंचा फोन उचलला, हवालदाराला आणि दोन शिपायांना जीपमध्ये बसवलं. मी पायऱ्या उतरत असताना बाई मागून म्हणाल्या, "साहेब, एक अजून सांगायचं होतं. गाडीत दुसरं पण यंत्र आहे. पण ते दिवसातून दोनदाच बोलते."

मी म्हणालो, "बाई, हे एक बोलतंय ना, ते पुरे आहे."

हीच ती चूक.

वरोऱ्याच्या अलीकडे आम्ही ठिपक्याला गाठलं. ठिपका एका वजनकाट्यापुढच्या ट्रकांच्या रांगेत उभा होता. रांगेत पांढरी गाडी नव्हतीच. आम्ही दोनदा इकडून तिकडे फिरलो. शेवटी हवालदार एका कोळशाच्या ट्रकावर चढला. ताडपत्रीच्या घडीत हात घालून त्याने काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी बाहेर काढली. तुटलेल्या तारा लोंबत होत्या. आतल्या छोट्या बॅटरीवर ती डबी अजून इमानदारीने आपला पत्ता कळवत होती. चोराने ती उपटून, दवाखान्यासमोर सिग्नलला थांबलेल्या ट्रकात टाकली होती. ट्रकवाल्याला काहीच माहीत नव्हतं.

तीन वाजत आले होते. आमच्याकडच्या चोरीच्या गाड्या बहुधा आलापल्लीच्या जंगलातून तेलंगणात जात. ही गाडीही तशी दक्षिणेला गेली असेल तर तिला तीन तासांची आघाडी मिळाली होती, आणि ती मीच दिली होती. तिथल्या तिथे दोन्ही शिपायांना आणि हवालदाराला ताकीद दिली, की ही डबी कुठे सापडली हे ठाण्यातसुद्धा कोणाला कळता कामा नये. त्या दिवसातला माझा तेवढाच एक शहाणपणाचा निर्णय.

परत आलो तर बाई बाकावर बसलेल्याच होत्या. पाच रुग्णांना घरी पाठवायची सोय दवाखान्याने केली होती. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "बाई, त्या दुसऱ्या यंत्राचं सांगा."

त्या जराही कुरकुरल्या नाहीत. म्हणाल्या, "पहिलं दुकानात लावून घेतलं. पण जो लावून देते त्याले तर माहीत असते ना, कुठी लावलं ते. मी विचार केला, एक आपल्या एकटीलेच माहीत असलं पायजे. म्हणून दुसरं मागवलं. त्याले वायर नाई, आतमंदी बॅटरी आहे. दिवसभर बोललं तर बॅटरी लवकर मरते, म्हणून सकाळी सहा न् संध्याकाळी सहा, एवढंच बोलते. मागच्या बाकाची गादी उसवून आत ठेवलं न् चपलेच्या दोऱ्यानं शिवून टाकलं."

मी इतक्या वर्षांत शेकडो गाडीमालकांचे जबाब घेतले होते. दुकानदाराने दाखवलेलं यंत्र निमूटपणे घेऊन घरी जाणारेच सगळे. यंत्राची जागा कोणाकोणाला माहीत असते, याचा विचार करणारी ही पहिलीच व्यक्ती मला भेटली होती.

सहा वाजले. बाईंचा फोन गप्प. सव्वासहा, साडेसहा, तरीही गप्प.

"नेटवर्क नसन," बाई म्हणाल्या. "जंगलात असन गाडी. पण ते यंत्र जागा लिहून ठेवते. नेटवर्क भेटलं का सारं एकदम सांगते."

आलापल्लीच्या पुढचा मुलूख मला ठाऊक होता. तिथे कोस कोस फोन लागत नाही. गडचिरोली पोलिसांना बिनतारी संदेश आधीच गेला होता. नाकाबंदी लागली, पण पांढऱ्या गाड्या पुष्कळ, आणि नंबर प्लेट बदलायला दहा मिनिटं लागतात.

मंगळवारी सकाळचे सहाही तसेच गेले.

दवाखान्याच्या कॅमेऱ्याने फक्त फाटकातून बाहेर पडणारी गाडी आणि स्टेअरिंगमागे दुपट्टा बांधलेलं एक डोकं दाखवलं. गार्ड, परिचारिका, पानठेलेवाला, सगळ्यांचे जबाब झाले होते. कोणी काही पाहिलं नव्हतं. तेव्हा माझा हवालदार म्हणाला, "साहेब, पाचही पेशंटले विचारायचं राह्यलं ना." हा हवालदार मूल तालुक्यातला, निवृत्तीला आलेला, बोलायला कमी. मी म्हणालो, ते तर आत खाटेवर होते. तो म्हणाला, "होय, पण खाट खिडकीपाशीच आहे."

आम्ही पोंभुर्ण्याच्या बाजूला निघालो. चौथ्या रुग्णाचं घर जंगलाला लागून होतं. सत्तरीतले गोंड म्हातारे, मोहाच्या झाडाखाली खाटेवर बसलेले. सुनेला त्यांनी गोंडीत काही सांगितलं, तिने पाणी आणून दिलं. हवालदार त्यांच्याजवळ खाली बसला.

"भाऊ, बाईची गाडी चोरीले गेली. तुम्ही काही पाह्यलं का?"

"पाह्यलं ना," म्हातारे म्हणाले. "काल गाडी नेली तवा माझा डोळा लागला होता. पण त्याच्या आधीचं पाह्यलं." जरा थांबून पुढे म्हणाले, "मी चार चार घंटे पडून असतो. खिडकीतून बाईचीच गाडी दिसते. एक माणूस ये, गाडीले टेकून धक्का दे, न् पानठेल्यापाशी जाऊन उभा राहे. गाडी बोंबले. गार्ड पळत ये. तो तिथून पाहत राहे. गार्ड गेला का पुन्हा ये."

"किती वेळा?"

"तीन पाळ्या पाह्यलं मी. एका पाळीत चार-पाच वेळा."

"मग सांगतलं काऊन नाई कोणाले?"

"सिस्टरले सांगतलं. ती म्हणे, बाबा, हात हलवू नका, सुई निघते."

मी हवालदाराकडे पाहिलं. अलार्म बिघडलेला नव्हताच. कोणीतरी तो पद्धतशीरपणे वाजवत होतं, लोक कंटाळून मालकिणीलाच बंद करायला लावतील म्हणून. इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी युक्ती मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"दिसायले कसा होता?" मी विचारलं.

"तोंड बांधून होता. पण एक दिवस त्यानं शर्ट घातला होता, निळा. पाठीवर पिवळा भोंगा काढला होता, मोठा."

तसा शर्ट चंद्रपुरात एकाच ठिकाणी दिसे. गाड्यांना सीट कव्हर, टेप, अलार्म बसवून देणाऱ्या एका दुकानातल्या कामगारांच्या अंगावर. बाईंनी पहिला ट्रॅकर तिथेच लावून घेतला होता.

दुकानाचा मालक घाबरला, पण लपवलं काही नाही. बाईंच्या गाडीचं काम ज्याने केलं होतं तो फिटर दीड महिन्यापूर्वी काम सोडून गेला होता. "हात लय चांगला होता साहेब त्याचा," मालक म्हणाला. "शर्ट मात्र परत नाई केला." काम चालू असताना गाडीची चावी दिवसभर फिटरकडेच असते, हेही त्याने विचारल्यावर सांगितलं. कुलूप न तोडता गाडी कशी गेली, नकली चावी कुठून आली, ते कळलं.

दुपारी दोन वाजता फिटर माझ्यासमोर होता. तिशीतला, नीटनेटका, हाताची बोटं लांबसडक. मुळीच घाबरलेला नव्हता. धक्का देणाऱ्याचा चेहरा म्हाताऱ्यांनी पाहिलेला नव्हता, आणि शर्ट काय, तो कोणाच्याही अंगावर असू शकतो. सरळ विचारलं असतं तर त्याने सरळ नाही म्हटलं असतं. मारझोड करून मिळवलेली माहिती कोर्टात टिकत नाही आणि बहुतेक वेळा खरीही नसते. माणूस कशाबद्दल बोलायला उत्सुक असतो, ते आधी शोधावं. दुकानमालकाच्या बोलण्यातून मला ते सापडलं होतं. या माणसाला आपल्या हाताचा अभिमान होता.

मी कागद बाजूला सारले आणि म्हणालो, "मला माझ्या स्वतःच्या गाडीला ट्रॅकर लावायचा आहे. कोणता घेऊ?"

तो जरा गोंधळला. मग त्याने विचारलं, "गाडी कोणती आहे साहेब?"

मी सांगितली. आणि तो बोलू लागला. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मी मध्ये मध्ये फक्त प्रश्न टाकत होतो, आणि खरं सांगतो, मी शिकत होतो.

"नुसता सायरन कामाचा नाई साहेब," तो म्हणाला. "जास्त नाजूक ठेवला तर मांजर बसलं तरी वाजते. चार दिवसांत मालक सोता बंद करते. इंजिन बंद करणारा घ्या. न् ट्रॅकर घेताना पाहा, वायर तोडल्यावर त्याची बॅटरी किती वेळ चालते. कंपनी कोणती आहे यापेक्षा सिम कोणत्या नेटवर्कचं आहे ते पाहा. आपल्या जंगलात एक लागते, एक लागत नाई."

"आणि बसवायचा कुठे?"

तो हसला. "सारे फिटर एकाच जाग्यावर लावतात. स्टेअरिंगच्या खाली, डॅशबोर्डाच्या आत. वायर जवळ पडते ना, मेहनत कमी. ज्याले माहीत आहे तो एका मिनिटात काढते."

"काढला म्हणजे खेळ संपला."

"संपला कसा? त्याले बंद नाई करायचं. चालूच ठेवायचं. कोळशाच्या ट्रकात टाकून देल्लं का पोलीस बसते ट्रकामागं फिरत."

हवालदाराचं लिहिणं थांबलं. मी चेहरा हलू दिला नाही. टेबलावरचा पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला आणि विचारलं, "कोळशाच्याच काऊन? भाजीच्या गाडीत काऊन नाही?"

त्याने पेला उचलला होता. तो तसाच हातात राहिला. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या डोळ्यांत हळूहळू उतरताना मी पाहिलं. ड्रॉवरमधून ती काळी डबी काढून मी त्याच्यापुढे ठेवली. तिच्यावर कोळशाची भुकटी अजून होती. "ही कुठे सापडली ते आम्हा चौघांशिवाय कोणालाच ठाऊक नाही. आणि तुला."

त्यानंतर त्याला फार विचारावं लागलं नाही. गाडी त्याने गोंडपिपरीच्या पुढे दोन माणसांच्या हवाली केली होती. ते आलापल्लीकडे गेले, तिथून सिरोंचामार्गे नदीपार तेलंगणात न्यायचा त्यांचा विचार होता. गाडी मध्ये कुठे लपवून ठेवतात हे त्याला खरंच माहीत नव्हतं. शेवटी मी त्याला विचारलं, "गाडीत दुसरं यंत्र असू शकतं असं तुझ्या मनात आलं नाही?"

"दोन कोण लावते साहेब?" तो म्हणाला.

वरिष्ठांची परवानगी घेऊन संध्याकाळी आम्ही आष्टीला मुक्कामाला गेलो. बाईंचा फोन हाच आमचा दुवा होता, म्हणून बाई आणि एक महिला शिपाई बरोबर होत्या. त्या संध्याकाळचे सहाही काही न कळवता गेले. बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या बुधवार."

सकाळी सहा वाजता विश्रामगृहाच्या व्हरांड्यात आम्ही सगळे त्या फोनभोवती उभे होतो. सहा वाजून चार मिनिटांनी फोन थरथरला. एकामागून एक चार ठिपके उमटले. सोमवार संध्याकाळ, मंगळवार सकाळ आणि मंगळवार संध्याकाळ या तिन्ही वेळा गाडी एकाच जागी उभी होती, आलापल्लीच्या जंगलात मुख्य रस्त्यापासून आत. चौथा ठिपका आताचा होता, सिरोंच्याच्या रस्त्यावर. गाडी हलली होती आणि नेटवर्कमध्ये आली होती.

मी आयुष्यात इतके झटपट फोन कधी केले नसतील. पुढे सिरोंच्याच्या नदीवरच्या पुलाच्या अलीकडे नाकाबंदी, आणि त्या तीन ठिपक्यांच्या जागेवर स्थानिक पोलिसांचं एक पथक. आम्ही मागून निघालो. त्या रस्त्याला त्या काळात इतके खड्डे होते की जीपमध्ये डोकं छताला लागत होतं. मी मात्र एकदाही तक्रार केली नाही, कारण पुढची गाडीही त्याच खड्ड्यांतून जात होती.

आम्ही पोचलो तेव्हा नाक्यावर तीन पांढऱ्या गाड्या थांबवून ठेवल्या होत्या. बाईंची कोणती ते बाहेरून ओळखता येत नव्हतं. चोरांनी तिचा नंबर बदलला होता, काचेवर चिकटवलेली चिठ्ठीही खरवडून काढली होती. तिसऱ्या गाडीतली दोन माणसं तोऱ्यात होती. चालकाने छान शिक्के मारलेले कागद दाखवले आणि हिंदीत म्हणाला, गाडी आमची आहे, लग्नाला चाललोय, उशीर होतोय.

बाई त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मागचं दार उघडून आत गेल्या आणि बाकाच्या कडेवरून हात फिरवला. मग बाहेर डोकं काढून मला म्हणाल्या, "साहेब, ब्लेड आहे का कोणापाशी?"

पंचांना बोलावून, त्यांच्यासमोर हवालदाराने ब्लेड दिलं. बाईंनी चपलेच्या दोऱ्याचे टाके एक एक करून कापले, गादीत कोपरापर्यंत हात घातला आणि ते यंत्र बाहेर काढलं. त्यावरचा बारीकसा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्यांनी ते तळहातावर ठेवून चालकापुढे धरलं. त्याने एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि शिक्के मारलेले कागद घडी करून खिशात घालू लागला. नाक्यावरच्या एका जवानाने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मी त्यांना थांबवलं नाही, कारण मीही वाजवत होतो.

इंजिन आणि चासीचे नंबर जुळले. त्याच सुमारास दुसऱ्या पथकाचा निरोप आला. ठिपक्यांच्या जागी लाकूड कापायची एक बंद पडलेली आरा मशीन होती आणि तिच्यामागे सागाच्या सावलीत चोरीच्या आणखी चार गाड्या. त्यातल्या दोन गाड्या वर्षभर कोणाला सापडल्या नव्हत्या. एका यंत्राने एक पूर्ण टोळी धरून दिली होती.

पण आमचं काम संपलं नव्हतं. चोरीची गाडी सापडली की ती मुद्देमाल होते, आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय मालकाला देता येत नाही. एरवी यात आठवडे जातात. मी जीपमधूनच ठाण्याला फोन करून बाईंचा अर्ज आणि पोलिसांचा ना हरकत अहवाल तयार करायला सांगितला. पंचनामा करून गाडी बुधवारी संध्याकाळी ठाण्यात आणली, फोटो काढले, नोंदी केल्या. गुरुवारी कोर्ट उघडताच मी स्वतः हजर होतो. न्यायाधीशांनी अहवाल वाचला, पाच रुग्णांची यादी वाचली, आणि सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, गाडी देण्याचा आदेश तिथल्या तिथे दिला. दवाखान्याने त्या पाच जणांची पाळी दुपारवर ढकलून ठेवली होती.

बारा वाजता बाई गाडी घेऊन पोंभुर्ण्याकडे गेल्या. चारच्या आत पाचही जण खाटांवर होते. मी दवाखान्यात गेलो तेव्हा ते गोंड म्हातारे खिडकीजवळ पडले होते. पायांवर सूज होती, पण चेहरा खुललेला. मला पाहून म्हणाले, "साहेब, आता धक्का कोणी मारत नाई. मी पाहून राह्यलो."

पुढे खटला चालला. म्हाताऱ्यांनी साक्षीच्या पिंजऱ्यात पिवळ्या भोंग्याचं वर्णन असं केलं की उलटतपासणीत वकिलाला बोलायला फारसं उरलं नाही. तिघांनाही शिक्षा झाली.

यंत्र कोणतं घ्यावं याचा धडा मला त्या फिटरने आणि त्या बाईंनी मिळून दिला, आणि तो मी विचारील त्याला सांगतो. मोठ्याने ओरडणाऱ्या यंत्रावर विसंबू नका. तुमच्या रस्त्यावर कोणतं नेटवर्क चालतं ते आधी पाहा. नेटवर्क नसताना जागा लिहून ठेवणारं घ्या, आणि एक तरी असं ठेवा ज्याची जागा बसवून देणाऱ्यालाही माहीत नसेल.

पोलीस म्हणून मी जे शिकलो ते मात्र वेगळं आहे. या गुन्ह्याची उकल करणाऱ्या दोन्ही गोष्टी सोमवारी दुपारीच माझ्या हाताशी होत्या. एक सांगायला फिर्यादी माझ्यामागे पायऱ्या उतरून आल्या होत्या, आणि दुसरी सांगणारा माणूस दवाखान्याच्या खाटेवर पडून होता. एकीचं मी ऐकलं नाही आणि दुसऱ्याला विचारलं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या ठाण्यात एक नियम राहिला. फिर्याद लिहून झाली, सही झाली, की कागद मिटण्याआधी समोरच्या माणसाला विचारायचं, "अजून काही सांगायचं आहे का?" आणि मग पेन खाली ठेवून, तो उत्तर देईपर्यंत थांबायचं.